हाड मोडल्यावर: ऑपरेशन, रॉड-प्लेट आणि पुढचे महिने यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अस्थिरोग विभागाच्या बाहेर बसलेले नातेवाईक जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत. बरेचसे दुचाकीचे अपघात, शेतातली यंत्रं आणि घरात घसरून पडलेली वयस्कर माणसं यांच्याबद्दलचे आहेत, कारण आमच्याकडे येणारे पेशंटही तेच असतात. उत्तरं मोठ्या माणसांच्या हातापायांच्या हाडांबद्दल आहेत. लहान मुलांचा प्रश्न वेगळा घेतला आहे. मणका आणि कमरेचं हाड हे स्वतंत्र विषय असल्यामुळे ते इथे घेतलेले नाहीत.

अपघात झाला. दवाखान्यात पोचेपर्यंत आम्ही काय करायचं?

आधी १०८ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबून धरा. हळद, चुना, कॉफी पावडर, माती यांतलं काहीही जखमेत भरू नका, कारण ते सगळं नंतर आम्हाला ऑपरेशनमध्ये घासून काढावं लागतं. हाड बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका. ओल्या स्वच्छ कापडाने झाका आणि तसंच घेऊन या.

मोडलेला भाग हलू देऊ नका. फळी, जाड पुठ्ठा, गुंडाळलेली वर्तमानपत्रं, काहीही चालतं. ते मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरेल इतकं लांब हवं. मांडीचं हाड मोडलं असेल तर याला फार महत्त्व आहे, कारण तिथे बाहेर थेंबही न दिसता आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जाऊ शकतं. पहिल्या महायुद्धात मांडीला गोळी लागलेले सैनिक मोठ्या संख्येने मरत होते. आघाडीवरच थॉमस स्प्लिंट, म्हणजे पाय ताणून सरळ धरणारी लोखंडी चौकट, बांधून मगच त्यांना हलवायची पद्धत पडली आणि हे मृत्यू एकदम खाली आले. तो स्प्लिंट आजही आमच्या कॅज्युअल्टीत भिंतीला टांगलेला असतो.

एक गोष्ट सगळे विसरतात. त्या हाताच्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, पायातली जोडवी, पैंजण लगेच काढा. तासाभरात सूज चढते आणि मग अंगठी कापावी लागते. तोवर बोट काळंनिळं झालेलं असतं. तोंडाने काही देऊ नका, चहासुद्धा नाही, कारण कदाचित लगेच भूल द्यावी लागेल.

अनोळखी जखमीला दवाखान्यात आणलं तर पोलिसांचं लचांड मागे लागेल, ही भीती मनातून काढून टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

प्रत्येक फ्रॅक्चरला ऑपरेशन लागतं का?

नाही. हाड जागेवर असेल आणि प्लास्टरमध्ये जागेवर राहणार असेल तर ऑपरेशनची गरज नसते. कॉलर बोनची पुष्कळशी फ्रॅक्चर, बरगड्या, पायाची छोटी बोटं, न सरकलेलं मनगट, मुलांच्या हाताची बरीचशी फ्रॅक्चर झोळी, पट्टी किंवा प्लास्टरवर उत्तम जुळतात. दंडाचं मधलं हाड तर थोडं वाकडं जुळलं तरी हाताचं काम अडत नाही, कारण खांदा आणि कोपर ती कसर भरून काढतात.

ऑपरेशन कुठे टाळू नये? मोठ्या माणसाचं मांडीचं हाड आणि खुबा. हाताच्या पुढच्या भागातली दोन्ही हाडं. सांध्यात शिरलेलं आणि सांध्याच्या पृष्ठभागात पायरीसारखा उंचसखलपणा आणणारं फ्रॅक्चर, कारण ती पायरी तशीच राहिली तर काही वर्षांत सांधा झिजतो. गुडघ्याची वाटी किंवा कोपराचं टोक दोन तुकडे होऊन फाकलेलं असेल तर तेही, कारण स्नायू तुकड्यांना सतत विरुद्ध दिशेला ओढत राहतात आणि प्लास्टर ती ओढ थांबवू शकत नाही. उघडी जखम असेल किंवा रक्तवाहिनी तुटली असेल तर प्रश्नच उरत नाही.

मधला पट्टाही मोठा आहे. सत्तरीतल्या बाईंचं मनगट थोडं वाकडं जुळलं तरी त्यांची रोजची कामं बहुतेक वेळा नीट होतात. तेच मनगट पंचविशीतल्या वेल्डरचं असेल तर मी प्लेटचा सल्ला देईन. अशा वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, "ऑपरेशन नाही केलं तर नेमकं काय बिघडेल?" या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर मिळणं हा तुमचा हक्क आहे.

गावात हाडवैद्याकडून बांधून घेतलं तर चालेल का?

या प्रश्नावर मला जरा जास्त बोलायचं आहे.

हाडवैद्याकडे लोक का जातात ते मला कळतं. तो जवळ असतो, स्वस्त असतो, ओळखीचा असतो, आणि साधी फ्रॅक्चर त्याच्या हातूनही जुळतात. पण साधी फ्रॅक्चर तशीही जुळतात. धोका आहे तो बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधण्यात.

हातापायातले स्नायू चिवट पडद्यांच्या कप्प्यांत असतात. हाड मोडलं की कप्प्यात रक्त साचतं, सूज येते, दाब वाढतो. वरून आवळलेली पट्टी असली की आतल्या सुजेला फुगायला जागा उरत नाही. दाब इतका वाढतो की स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. साधारण सहा तास असेच गेले तर स्नायू मरायला लागतात आणि मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते झाडावरून किंवा गच्चीवरून पडलेल्या पाच-सात वर्षांच्या पोरांचं. कोपराच्या वरचं हाड मोडतं आणि तिथून हाताची मुख्य रक्तवाहिनी अगदी खेटून जाते. आवळून बांधलेला हात घेऊन आई तिसऱ्या दिवशी येते. पट्टी सोडली की फोड आलेले असतात, बोटं आत वळलेली असतात, सरळ करायला गेलं तर पोर किंचाळतं. पुढे तो हात पंजासारखा वळून कायमचा आखडतो. जर्मन सर्जन रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१मध्ये हे आखडणं आवळलेल्या पट्ट्यांशी जोडून दाखवलं होतं, आणि त्यांचं नाव आजही या व्यंगाला चिकटलेलं आहे.

खुणा लक्षात ठेवा. फ्रॅक्चरच्या मानाने फार जास्त दुखणं, दर तासाला वाढत जाणारं. इंजेक्शन देऊनही न थांबणारं. बोटं हलकेच सरळ केली की जीव जाईल असं दुखणं. मुंग्या, बधिरपणा. बोटं गार पडायची किंवा नाडी जायची वाट पाहू नका, ती फार उशिराची खूण आहे. पट्टी किंवा प्लास्टर कुणीही घातलेलं असो, आम्ही घातलेलं असलं तरी, रात्री दोन वाजता उठून या. आधी आम्ही ते पूर्ण कापून मोकळं करतो. तेवढ्याने भागलं नाही तर कातडी आणि पडदे चिरून कप्पे उघडे करावे लागतात. ती लांबलचक जखम बघून घरचे घाबरतात. हातपाय वाचतो तो तिच्यामुळेच.

जखमेतून हाड दिसतंय. यात वेगळं काय?

हाडाचा बाहेरच्या हवेशी, मातीशी संबंध आला की ते उघडं फ्रॅक्चर. जखम सेंटिमीटरभर असली तरी उघडंच. इथे घाई कशाची करायची याचा क्रम ठरलेला आहे: पहिल्या तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि मग थिएटरमध्ये जखम धुणं.

धुणं म्हणजे वरवर पाणी मारणं नव्हे. जखम वाढवून आत किती दूरवर घाण गेली आहे ते बघायचं, लिटरच्या लिटर सलाइन वापरायचं, मेलेला स्नायू कापून टाकायचा. स्नायू जिवंत आहे का हे चार गोष्टींवरून ठरतं: रंग, पोत, चिमट्याने डिवचल्यावर आकसतो का, आणि कापल्यावर रक्त येतं का. सुटा पडलेला, मांस न लागलेला हाडाचा तुकडा काढून टाकावा लागतो. नातेवाईकांना हे पटत नाही, "हाडच काढून टाकलं?" म्हणतात. तो तुकडा मेलेला असतो आणि आत ठेवला तर त्यावर जंतू घर करतात.

शेतातली जखम, शेण-माती लागलेली, गटारात पडलेली असेल तर लगेच, रात्री असली तरी. मोठ्या धक्क्याने झालेल्या बाकी जखमा साधारण १२ तासांच्या आत, इतर २४ तासांत धुवायच्या असतात. नडगीला पुढच्या बाजूला कातडीखाली लगेच हाड आहे, मध्ये मांस नाही. तिथली कातडी गेली तर हाड उघडं पडून सुकतं. मग प्लास्टिक सर्जन पिंडरीचा स्नायू फिरवून त्यावर आणतात किंवा दुसरीकडचं मांस रक्तवाहिन्यांसकट आणून जोडतात. हे शक्यतो तीन दिवसांत व्हावं. म्हणून हाडाचा डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन दोघंही जिथे आहेत तिथे पहिल्याच दिवशी पाठवलेलं बरं. आठवडाभर ड्रेसिंग करत बसून मग पाठवलेले पाय वाचवणं फार कठीण जातं.

पायाला बाहेरून सळया लावल्यात. हे आता असंच राहणार?

बहुतेक वेळा नाही. तो फिक्सेटर. हाडात पिना घालून त्या बाहेर सळईला जोडतात. जखम घाण असताना किंवा सूज प्रचंड असताना आत धातू घालणं धोक्याचं असतं, तेव्हा हाड लांबीला धरून ठेवण्यासाठी तो लावतात. जखम सुधारली की तो काढून रॉड किंवा प्लेट. पिनांच्या मुळाशी रोज उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाइनने स्वच्छता करा. लालसर, दुखरी, पू येणारी पिन दिसली तर दाखवा.

ऑपरेशन लगेच का करत नाही? आठ दिवस नुसते पडून आहोत.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं, मांस दिसत नाही. घोट्याच्या वरचं किंवा गुडघ्याच्या खालचं सांध्यातलं फ्रॅक्चर जोरात झालं असेल तर कातडी चकचकीत ताणलेली असते, पाण्याचे नाहीतर रक्ताचे फोड येतात. त्या कातडीवर चीर दिली तर टाके धरत नाहीत, जखम उसवते आणि आतली प्लेट उघडी पडते. आम्ही रोज सकाळी येऊन पायावर बोट फिरवून बघतो ते यासाठीच. सूज उतरली की कातडीवर बारीक सुरकुत्या दिसायला लागतात. त्या दिसल्या की तारीख ठरते. याला सात दिवस लागतात, कधी चौदाही. मात्र तीन आठवड्यांच्या पुढे गेलं की तुकडे चिकटायला लागतात आणि ते जागेवर आणणं अवघड होतं.

मांडीच्या हाडाचं उलटं. पेशंट स्थिर असेल तर पहिल्या दिवसा-दोन दिवसांत रॉड घालून टाकलेला चांगला. तो उठून बसतो, फुप्फुसं मोकळी राहतात.

रॉड, प्लेट, स्क्रू, तारा: कुठे काय आणि का?

लांब हाडाच्या मधल्या भागाला रॉड. तो हाडाच्या पोकळीतून जातो आणि वरखाली स्क्रूंनी अडकवतात, म्हणजे हाड फिरत नाही की आखूड होत नाही. जर्मनीतल्या कील शहरात सर्जन गेऱ्हार्ड कुंचर यांनी १९३९मध्ये मांडीच्या हाडात असा खिळा घातला. आज सी-आर्मवर, म्हणजे थिएटरमधल्या चालू एक्स-रे मशीनवर, बघत छोट्या छेदातून हे होतं. फ्रॅक्चरची जागा उघडावीच लागत नाही. तिथलं रक्त, तिथल्या पेशी जागेवर राहतात आणि भोवती नवं हाड धरतं.

सांध्याजवळ पोकळी रुंद होते, रॉड तिथे पकड घेत नाही. तिथे प्लेट. सांध्याचा पृष्ठभाग जुळवायला डोळ्यांनी बघावं लागतं. १९५८मध्ये स्वित्झर्लंडमधल्या काही सर्जननी एओ हा गट सुरू केला. हाड नीट जुळवा, घट्ट धरा, रक्तपुरवठा जपा, आणि सांधा लवकर हलवा, असं त्यांचं सूत्र होतं. या चौथ्या कलमासाठीच आपण ऑपरेशन करतो. त्याआधी मांडी मोडलेला माणूस तीन-तीन महिने वजन लावून पलंगावर असायचा. हाड जुळायचं, गुडघा मात्र लाकडासारखा होऊन जायचा.

बारीक हाडांना आणि मुलांना तारा. वाटीला, कोपराच्या टोकाला तारांचा आठच्या आकड्यासारखा फास.

यातलं काहीही हाड जोडत नाही. हाड स्वतःच जुळतं. धातू म्हणजे भिंत वाळेपर्यंत लावलेला टेकू. हाड वेळेत जुळलं नाही तर पावलागणिक वाकून वाकून सगळ्यात दणकट प्लेटही एक दिवस तुटते. "प्लेट खराब होती" असं तेव्हा वाटतं, पण बहुतेक वेळा न जुळलेलं हाड हेच कारण असतं.

स्टील की टायटॅनियम?

दोन्हीने हाडं जुळतात. टायटॅनियम थोडं लवचीक असतं, एमआरआयमध्ये चित्र कमी बिघडवतं आणि निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांना बरं. स्टील स्वस्त असतं आणि पुढे काढायला बरेचदा सोपं, कारण टायटॅनियमचे स्क्रू प्लेटमध्ये घट्ट बसून कधीकधी फिरतच नाहीत. टायटॅनियम परवडत नाही म्हणून दागिने गहाण ठेवू नका, हे मी मनापासून सांगतो. ते पैसे नंतरच्या फिजिओथेरपीला आणि खाण्यापिण्याला लागणार आहेत. इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर केसपेपरवर चिकटवलं आहे का, हे मात्र जरूर बघा.

आजी पंच्याऐंशीच्या आहेत. बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. या वयात ऑपरेशन झेपेल का?

घरोघरी विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्यातली काळजी खरी आहे. पण तुलना कशाशी करायची ते आधी बघा. ऑपरेशन न करणं म्हणजे आजींना सुखरूप ठेवणं, असं होत नाही. खुबा मोडलेली व्यक्ती ऑपरेशनशिवाय कुशीवर वळू शकत नाही, बसू शकत नाही, बेडपॅनवर उचलताना ओरडते. मग छातीत कफ साचून न्यूमोनिया, माकडहाडावर बेडसोअर, पायात रक्ताची गुठळी, लघवीचा जंतुसंसर्ग. खुबा मोडल्यावर एका वर्षात साधारण पाचातली किंवा चारातली एक वयस्कर व्यक्ती दगावते, आणि अंथरुणाला खिळून ठेवलेल्यांत हे प्रमाण आणखी वाढतं. म्हणून वय हे ऑपरेशन टाळायचं कारण नव्हे. अगदी शेवटच्या टप्प्यातला आजार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही दुखणं थांबवण्यासाठी ऑपरेशनचा विचार करतात.

हे ऑपरेशन शक्यतो ३६ ते ४८ तासांच्या आत व्हावं. शुगर अगदी शंभरावर आणायची, टूडी इको ही हृदयाची तपासणी, मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत, मग मुंबईहून मुलगा येणार, असं करता करता आठवडा जातो आणि तेवढ्यात छाती भरते. खरोखर सुधारता येण्यासारखं काही असेल, म्हणजे खूप कमी हिमोग्लोबिन, बिघडलेलं सोडियम, अनियमित ठोके, तर ते तासांत सुधारायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाव आणि शेवटची गोळी कधी घेतली ते पहिल्याच भेटीत सांगा. त्या आपल्या मनाने बंदही करू नका.

खुब्याच्या मानेचं हाड सरकून मोडलं असेल तर त्याच्या वरच्या गोल टोकाचा, म्हणजे गोळ्याचा, रक्तपुरवठा तुटलेला असतो, म्हणून या वयात तो काढून नवीन गोळा बसवतात. त्याच्या खालच्या भागात मोडलं असेल तर छोटा रॉड आणि गोळ्यात जाणारा मोठा स्क्रू. दोन्हींत दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करायचा प्रयत्न असतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ऑपरेशननंतर रात्री कदाचित आजी बडबडायला लागतील, तुम्हाला ओळखणार नाहीत, सलाइन उपटतील. याला डेलिरियम म्हणतात. वेड लागलेलं नसतं, भुताटकीही नसते. चष्मा, कानाचं मशीन, कवळी लगेच परत द्या. दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवा, ओळखीचं माणूस उशाशी बसवा. बहुतेकांना काही दिवसांत उतार पडतो.

आणि घरी जाण्याआधी हाडांच्या ठिसूळपणाचं औषध विचारून घ्या. एक खुबा मोडलेल्या माणसाचा दुसराही मोडण्याचा धोका मोठा असतो, पण डिस्चार्जच्या गडबडीत हा विषय राहूनच जातो. बाथरूममध्ये आधाराचा दांडा, कमोडची खुर्ची, रात्री लावायचा छोटा दिवा, आणि घसरणारी पायपुसणी काढून टाकणं, एवढं घरच्यांनी करायचं.

लहान मुलांचं हाड मोडलं तर?

मुलांची हाडं लवकर जुळतात आणि वाढता वाढता बराच वाकडेपणा स्वतःच सरळ करतात, म्हणून त्यांना ऑपरेशन कमी लागतं. अपवाद दोन. कोपराच्या वरचं सरकलेलं फ्रॅक्चर, ज्यात तारा घालतात आणि तीन-चार आठवड्यांनी त्या ओपीडीतच काढतात. आणि हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या थराची दुखापत. तो थर दुखावला तर हाड वाकडं किंवा आखूड वाढू शकतं, म्हणून दुखणं थांबल्यावरही वर्षभर किंवा जास्त काळ तपासणीला आणा.

कमरेतून भूल दिली की आयुष्यभर कंबर दुखते का?

नाही. सुई अतिशय बारीक असते. त्या जागी दोन-चार दिवस ठणका राहू शकतो. काहींना उठल्यावर डोकं दुखतं, त्यावर उपाय आहेत. भुलेआधी सहा तास जेवण नाही, दोन तास पाणीही नाही. "थोडी पेज दिली" हे लपवू नका, पोटातलं फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

पाय कधी टेकवायचा?

शेजाऱ्याच्या पायावरून ठरवू नका. मांडीच्या किंवा नडगीच्या मधल्या हाडात रॉड असेल आणि तुकडे नीट टेकलेले असतील तर बरेचदा पहिल्या आठवड्यातच वॉकरवर वजन देऊ देतात, आणि त्या वजनाने हाड जुळायला मदतच होते. गुडघ्याच्या सांध्यातलं फ्रॅक्चर प्लेटने जुळवलं असेल तर सहा ते बारा आठवडे टेकवायचं नाही, कारण जुळवलेला पृष्ठभाग खाली दबतो. पण वजन नाही म्हणजे हालचाल नाही, असं समजू नका. गुडघा दुसऱ्या दिवसापासून वाकवायचा, घोटा दर तासाला वरखाली करायचा, बोटं हलवायची. हात मोडला असेल तर खांदा आणि बोटं. दुखतं म्हणून सहा आठवडे हात पोटाशी धरून ठेवला की हाड जुळतं आणि खांदा आखडतो. मग तो सोडवायला हाडापेक्षा दुप्पट वेळ जातो. फिजिओथेरपीसाठी रोज तालुक्याला जाणं जमत नसेल तर पाचच व्यायाम लिहून घ्या आणि घरातल्या एका माणसाला शिकवून ठेवा.

हाड जुळायला किती दिवस? आणि जुळलंच नाही तर?

हाताला साधारण सहा ते दहा आठवडे, मांडी-नडगीला तीन ते पाच महिने, उघड्या फ्रॅक्चरला त्याहून जास्त. हे मोठ्या माणसांचं. नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेत काहीच पुढे सरकलं नाही, तर ते न जुळलेलं हाड धरतात.

यात तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट तंबाखू. बिडी, सिगारेट, गुटखा, मळलेली तंबाखू, आणि बायकांची मिश्रीसुद्धा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि मोडलेल्या टोकांना रक्तच पोचत नाही. वॉर्डात पलंगाच्या गादीखाली पुडी सापडते तेव्हा मी रागावतो, आणि तो राग खरा असतो. दुसरं म्हणजे वाढलेली शुगर.

न जुळलेल्या हाडावर उपाय आहेत: कमरेच्या हाडातून काढलेलं हाड तिथे भरणं, जाड रॉड घालणं, जंतुसंसर्ग असेल तर आधी तो साफ करणं. मोठी फट असेल तर हातापायाभोवती बाहेरून बसवायच्या इलिझारोव्हच्या रिंगा. सायबेरियातल्या कुर्गान शहरात डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत विकसित केली. हाड निरोगी जागी कापायचं आणि रोज एक मिलिमीटर, चार वेळा पाव-पाव मिलिमीटर करून, सरकवायचं. मागे राहिलेल्या फटीत नवं हाड तयार होतं. पाच सेंटिमीटरची फट भरायला नुसतं सरकवण्यातच सात आठवडे जातात, पुढे ते पक्कं व्हायला कित्येक महिने. रिंगांसह माणूस चालतो, शेतावरही जातो. पण रिंगांचे नट रोज ठरल्या वेळी फिरवणारं घरातलं माणूस विश्वासाचं हवं.

काय खायचं, काय नाही? भात आणि आंबट खाल्लं की पू होतो म्हणतात.

होत नाही. पू जंतूंमुळे होतो. भात, दही, लिंबू, टोमॅटो सगळं खा, लिंबातलं क जीवनसत्त्व तर जखम भरायला हवंच असतं. पथ्याच्या नावाखाली पेशंटला वरणाच्या पाण्यावर ठेवतात, तेव्हा जखम भरत नाही. डाळी, अंडी, दूध, मासे-मटण, शेंगदाणे, नाचणीची भाकरी. पायाचं सूप आवडत असेल तर जरूर प्या, पण अंड्याची आणि डाळीची जागा ते घेत नाही. डिंकाचे लाडूही खा, फक्त मधुमेह असेल तर नको.

कडबाकुट्टीत किंवा रसाच्या चरकात हात गेला, बोट तुटलं. काय करायचं?

आधी मशीन बंद. हात ओढून काढू नका. चरकात अडकलेला हात ओढला की कातडी हातमोज्यासारखी सोलून येते. रूळ सैल करून किंवा उलटे फिरवून हात सोडवा.

तुटलेलं बोट शोधून स्वच्छ पाण्याने हलकं धुवा. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, ते गोठून निकामी होतं. दुधात, रॉकेलमध्ये, हळदीत नाही. लोंबकळत असेल तर तोडू नका. बोटात स्नायू नसतो, त्यामुळे थंड ठेवलेलं बोट बारा तासांनी, कधी त्याहून उशिरानेही जोडता येतं. मनगटाच्या वर तुटलेल्या हाताला मात्र सहाएक तासच असतात. म्हणून जवळच्या दवाखान्यात रक्त थांबवून, मायक्रोसर्जरी करणाऱ्या प्लास्टिक सर्जनला आधी फोन करून मगच निघा. चिरडलेलं बोट बरेचदा जोडता येत नाही, तरी घेऊन या. त्याची कातडीही कामी येऊ शकते.

पाय कापावा लागेल म्हणतात. दुसरा मार्ग नाहीच का?

दुसरं मत जरूर घ्या, पण त्याच दिवशी. रक्तपुरवठा तुटून बरेच तास गेले असतील, मांस चिरडून मेलं असेल, तर पाय ठेवण्याच्या हट्टापायी विषबाधा होऊन माणूस जातो. दुसरी बाजू अशी की महिनोन्महिने ऑपरेशनं करून वाचवलेला, संवेदना नसलेला, दुखणारा पाय हा चांगल्या कृत्रिम पायापेक्षा नेहमी उपयोगी असतोच असं नाही. गुडघा वाचवणं मात्र फार मोलाचं. गुडघ्याखाली कापलेला माणूस कृत्रिम पायावर चालतो, सायकल चालवतो, बांधावर उतरतो. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूरमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस घडवलेला पाय तर अनवाणी चालता यावं आणि उकिडवं बसता यावं म्हणूनच बनवला गेला. कृत्रिम पायाची चौकशी जखम भरायच्या आधीपासूनच सुरू करा.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्याला भेटा. तुमचं ऑपरेशन तिथे योजनेत बसतं का ते लेखी मंजुरी येण्याआधी गृहीत धरू नका. रस्ता अपघात असेल तर २०२५च्या केंद्राच्या योजनेत ठरलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार आहेत. पोलिसांची नोंद करून घ्या, पुढे भरपाईच्या दाव्यालाही तीच लागते.

रॉड नंतर काढायचा का? आत राहिला तर गंजतो का? एमआरआय चालतो का?

गंजत नाही. मोठ्या माणसाला त्रास नसेल तर काढायची गरज नाही. घोट्याला, कोपराला कातडीखाली टोचत असेल तर काढतात, साधारण दीड-दोन वर्षांनी, हाड पूर्ण जुळल्याची खात्री करून. प्लेट काढल्यावर स्क्रूंची भोकं काही महिने कच्ची असतात, तेवढ्यात पोती उचलली तर तिथेच पुन्हा मोडतं. पुढच्या हाताच्या प्लेटा उगाच काढू नयेत, जवळून नसा जातात. मुलांचं मात्र बहुतेक वेळा काढतात.

रॉड-प्लेट असताना एमआरआय बहुतेक वेळा करता येतो, टेक्निशियनला आधी सांगा आणि कागद दाखवा. बाहेरून फिक्सेटर असेल तर आधी विचारल्याशिवाय नाही. विमानतळावर मशीन वाजू शकतं, ऑपरेशनची चिठ्ठी जवळ ठेवा.

तारीख नसताना लगेच कधी यायचं?

टाके काढल्यावर पुन्हा जखमेतून पाणी किंवा पू यायला लागला, मग थेंबभर का असेना. ताप आला आणि जागा लाल, गरम झाली. अशा वेळी गावातून अँटिबायोटिकच्या गोळ्या घेत दिवस काढू नका. जंतू प्लेटवर बस्तान बसवतात आणि मग नुसत्या गोळ्यांनी हटत नाहीत. आतून धुवायला जितकं लवकर याल तितकी प्लेट वाचायची शक्यता जास्त.

बोटं निळी किंवा बधिर झाली तर लगेच. चालता चालता एकदम कळ येऊन पाय वाकडा वाटला तर त्यावर वजन न देता या. एका पायाची पिंडरी सुजून टणक आणि दुखरी झाली तर त्याच दिवशी. त्याबरोबर धाप लागली, छातीत दुखलं, तर आमच्या ओपीडीची वेळ बघू नका. १०८ बोलवा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.